टांगलेलं मांस, वाळवलेलं मांस

‘ड्राय-एज्ड’ हा शब्द तुम्ही एखाद्या रीलमध्ये ऐकला असेल. काचेच्या कपाटात टांगलेले मांसाचे मोठे तुकडे, वरून काळपट पडलेले, आणि किंमत वाचून डोळे पांढरे व्हावेत अशी. युरोपात ही रीत जुनी आहे. शिकार केलेलं हरीण किंवा रानपक्षी लगेच कापायचा नाही, थंड खोलीत काही दिवस टांगून ठेवायचा. फेझंट पक्ष्यावरून फ्रेंचांनी या क्रियेला ‘फेझांदाज’ असं नावच दिलं. ब्रिया-साव्हारँ नावाच्या खवय्या न्यायाधीशाने १८२५ साली आलेल्या आपल्या पुस्तकात, फेझंट नेमका कधी खाण्याजोगा होतो यावर रसभरीत लिहिलंय.

यामागचं गणित सोपं आहे. जनावर मेल्यावर काही तासांत स्नायू ताठ होतात, कारण ते सैल पडायला लागणारं एटीपी हे रसायन संपलेलं असतं. मग स्नायूंमधलीच एन्झाइम्स, मुख्यतः कॅल्पेन, तंतू हळूहळू तोडतात आणि मांस मऊ होतं. मात्र त्यासाठी दिवस लागतात, आणि तेवढे दिवस तापमान शून्याच्या थोडंच वर राहावं लागतं.

आता हीच कृती परभणीत करून बघा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पार जातो. ई. कोलायसारखा जिवाणू अनुकूल उबेत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे एकाचे सहा तासांत अडीच लाखांवर. कॅल्पेनचं काम पूर्ण होण्याआधीच मांस नासणार. थंडी ही इथे विकत घ्यायची चीज होती. अमेरिकेतून जहाजाने बर्फ कोलकात्यात आला तो १८३३ साली, आणि तोही साहेबांसाठी.

मग गोदावरीकाठच्या या मुलखात लोकांनी काय केलं? तीन वेगवेगळी उत्तरं शोधली.

पहिलं उत्तर पारध्यांचं. फासेपारधी तितर आणि लावे फाशात जिवंत धरत आणि जिवंतच विकत. फ्रिज नसेल तर मांस टिकवण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ते जिवंत ठेवणं. शिवाय जिवंत पक्षी गिऱ्हाइकाला हलाल करून घेता येतो, आणि १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात होती हे विसरू नका. ज्यांच्या हातात हे कौशल्य होतं, त्या पारध्यांवर मात्र गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. कायद्याने तो १९५२ मध्ये पुसला. लोकांच्या डोक्यातून किती पुसला, हे तुम्हीच ठरवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंधनं आली. काळवीट वाचायलाच हवं होतं, पण फासा विणणाऱ्या हाताला पुढे काय काम द्यायचं, याचं उत्तर त्या कायद्यात नव्हतं.

दुसरं उत्तर हैदराबादी स्वयंपाकघरातलं. ‘पत्थर का गोश्त’ करताना मांसाला कच्च्या पपईचा गर चोळतात. पपईतलं पपेन तंतू तोडतं. कॅल्पेनला जिथे दिवस लागतात, तिथे हे काम काही तासांत उरकतं. पपई मूळची अमेरिकेतली, पोर्तुगिजांच्या काळात इकडे आलेली. थंडीची उणीव एका परक्या फळाने भरून काढली.

तिसरं उत्तर चान्यांचं. गावात मेलेलं जनावर ओढून नेणं हे महारांवर लादलेलं काम होतं, आणि त्याचं मांस हा त्याचा मोबदला. एका दिवशी ढीगभर मांस, पुढे कित्येक दिवस काहीच नाही. म्हणून मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापून दोरीवर कडक उन्हात टांगायच्या. जे ऊन मांस नासवतं, तेच पट्टी पातळ असली की आतलं पाणी ओढून घेतं, आणि पाण्याशिवाय जिवाणू वाढत नाही. अशा चान्या पावसाळ्यात, हाताला काम नसताना, उपयोगी पडत. दक्षिण आफ्रिकेचं बिल्टाँग आणि अमेरिकेची जर्की याच तत्त्वावर बनतात आणि आज चकचकीत पाकिटातून विकली जातात. चान्या मात्र लपवून खाल्ल्या गेल्या.

मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, असं सांगितलं. प्रश्न चवीचा नव्हताच. ते मांस ज्या व्यवस्थेतून पदरात पडायचं, ती व्यवस्था नाकारायची होती. अनेक घरांनी ते सोडलं, आणि ते सोडणं ही क्रांतीच होती. पण सोडलेल्या गोष्टीची आठवणही पुसायची का? शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातलं हे अन्न नोंदवून ठेवलं. पुस्तक आलं २०१५ मध्ये, राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला त्याच वर्षी.

तंत्र म्हणून पाहिलं तर टांगलेला फेझंट आणि दोरीवरची चानी सारख्याच हुशारीच्या गोष्टी आहेत. दोन्हीकडे आपल्या हवामानाला ओळखून केलेला उपाय आहे. एकाला पाककला म्हटलं गेलं आणि दुसऱ्याला विटाळ, कारण पहिल्याच्या मागे शिकारखाना होता आणि दुसऱ्याच्या मागे गावकुसाबाहेरची वस्ती. घरातल्या आजीला हे उपाय माहीत असतील तर विचारून लिहून ठेवा. ते शिजवायलाच हवं असं नाही, पण ते कुणी आणि का शोधलं, हे कुठेतरी लिहिलेलं असायला हवं.