असममितीचे मापन आणि मापदंड

असममिती मोजण्यापूर्वी सममिती गृहीत धरावी लागते. १८४८ मध्ये लुई पाश्चर यांनी एका टार्टरेट क्षाराचे, परस्परांची प्रतिबिंबे असलेले स्फटिक हाताने निवडून वेगळे केले. त्यांची द्रावणे ध्रुवित प्रकाशाचे प्रतल विरुद्ध दिशांना वळवीत. येथे माप कोनाचे होते. १८९५ मध्ये कार्ल पिअर्सन यांनी सांख्यिकीय वितरणाचा एकीकडील कल संख्येत मांडला. या दोन्ही ठिकाणी सममिती हा मापदंड होता. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिएन-शिउंग वू यांच्या प्रयोगात मात्र मापदंडच परीक्षेस लागला : कोबाल्ट-६० मधील इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या आभ्राम-दिशेच्या विरुद्ध बाजूस अधिक संख्येने बाहेर पडतात, असे आढळले. निसर्गनियम प्रतिबिंबातही तेच राहतात, हे गृहीतक ढळले. तौलनिक साहित्याभ्यासातही एका परंपरेचे ‘विचलन’ मोजताना प्रमाण मानलेली परंपरा तपासणे म्हणूनच अपरिहार्य ठरते.