परकोटाच्या आतलं घर

पठाणपुऱ्यात आमचं मातीचं, कवेलूंचं घर. माडी चढवायचं ठरलं तेव्हा ठेकेदारानं टेप घराला न लावता परकोटाकडे ओढला. "भाऊ, शंभर मीटरच्या आत आहे. विटा आणू नका."

चंद्रपुरात कुणी किती उंच बांधावं, हे अजून गोंडराजाच ठरवतो, असं मी गमतीनं म्हणतो. खांडक्या बल्लाळशहाचा हा कोट. चार दरवाजे, पाच खिडक्या. दरवाजावर हत्तीला नमवणारा सिंह कोरलाय, आणि जटपुरा दरवाजात त्याच्याखालून रोज वाहनांची कोंडी. संरक्षित स्मारकांच्या १९५८च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. भिंतीपासून १०० मीटर नवं बांधकाम बंद, पुढचे २०० मीटर परवानगीनं. जुन्या घराची डागडुजी करता येते, तीही अर्ज करून.

मोहर्लीकडे, ताडोबाच्या वेशीवर, मात्र मोजमाप जंगलाच्या हद्दीपासून. ताडोबा १९५५पासून राष्ट्रीय उद्यान. भोवतालचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र २०१९मध्ये जाहीर झालं. माझा मावसभाऊ तिथं पाहुण्यांना खोल्या देतो. त्याला वाघ पावला, मला भिंत आडवी आली!

आमचा अर्ज दोनदा परत आला. एकदा नकाशावर कोटच दाखवला नव्हता. शेवटी कवेलू तेवढे बदलले. वरून पाहिलं तर कोटाच्या दगडांतून पिंपळ उगवलाय. त्याला परवानगी लागली नाही.