फुकट्या प्रवाशाचं नाव काय?

खाऱ्या पाण्याच्या टाकीत लाइव्ह रॉक ठेवला, की थोड्या दिवसांनी त्याच्या भोकांतून न मागवलेले खेकडे, किडे, शिंपले बाहेर येतात. जहाजाच्या तळाचंही असंच असतं. आपल्या धाराशिवात समुद्र नाही, तरी संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी मायटिलॉप्सिस सॅलेई या शिंपल्याचा इतिहास वाचावाच.

मूळचा हा कॅरिबियन भागातला. रेक्लुझ यांनी 1849 मध्ये त्याचं वर्णन केलं. 1967 मध्ये तो विशाखापट्टणम बंदरात दिसला, पुढे मुंबईच्या गोद्यांतही. दोन-तीन सेंटिमीटरचा जीव, पण खांबांवर, जहाजांवर त्याचे थरच्या थर बसतात.

गंमत ओळखण्यात आहे. रंग, पट्टे बघून नाव देऊ नका. कारण अमेरिकेकडूनच आलेला मायटेला स्ट्रिगाटा हा दुसरा शिंपला 2019 मध्ये केरळमधून नोंदवला गेला, आणि वरवर पाहता दोघांत सहज गल्लत होते. शिंपला उघडा. टोकाच्या आत छोटा पडदा आणि त्याला लागून दातासारखा उंचवटा दिसला, तर तो मायटिलॉप्सिस. मायटेलात हा उंचवटा नसतो. एवढी खूण, भिंगाखाली दिसणारी!

1999 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या मरीनांत तोच सापडला. ओळख वेळेवर पटली म्हणून मरीना बंद करून पाण्यात क्लोरिन आणि मोरचूद ओतता आलं. तिथून तो संपला. मुंबईत आजही आहे.