साचा निर्दोष आहे

आमच्या गावी, जानेफळला, शुक्रवारी रात्री 'सी.आय.डी.' सुरू असताना हमखास लाइन जायची. प्रेत सापडलेलं, दोन संशयितांची चौकशी चाललेली, आणि अंधार. मग ओट्यावर बसून पुढची गोष्ट आत्या सांगायची. पहिला पकडला तो खरा नव्हेच. प्रयोगशाळेत डॉक्टर साळुंखे काहीतरी शोधून काढतील, घरातल्या नोकराला सगळं ठाऊक आहे पण तो घाबरलाय, शेवटी दया दार तोडेल आणि गुन्हेगार भडाभडा बोलेल. दोन दिवसांनी मेहकरला शिकणारा कुणी गावी आला की खरा शेवट कळायचा. आत्याचा गुन्हेगार पुष्कळदा चुकलेला असायचा. गोष्टीचा घाट मात्र तिनं एकदाही चुकवला नाही.

आज हीच गोष्ट या मालिकांविरुद्धचा पुरावा म्हणून मांडली जाते. वर्ग चौथी शिकलेल्या बाईला अंधारात बसून जी गोष्ट पुरी करता येते, तिच्यात कला कुठली, असं विचारतात. तोच मृतदेह, तीच प्रयोगशाळा, तीच चुकीची अटक, तोच कबुलीजबाब. म्हणून हा साचा टाकाऊ आणि सत्य घटनांवर बेतलेल्या 'वास्तववादी' मालिका श्रेष्ठ, हे मत सुशिक्षित घरांत आता जवळजवळ सर्वमान्य झालं आहे. मला ते साफ चुकीचं वाटतं.

पूर्वपक्षात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. आमच्याकडे कुणी विष घेऊन दगावलं तर ठाणेदार अकस्मात मृत्यूची नोंद करतात, ज्याला सारं वऱ्हाड 'मर्ग' म्हणतं. पंच शोधून पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, व्हिसेरा राखून तो न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. अहवालाची वाट पाहण्यात एक हंगाम निघून जातो. पडद्यावर हे सगळं दोन जाहिरातींच्या मध्ये उरकतं. तपास असा होत नाही, हे अगदी खरं. पण तपास असा होत नाही एवढ्यावरून गोष्ट वाईट ठरत नाही. नाटकात माणसं गाण्यातून बोलतात, आणि त्याबद्दल आपण नाटककाराला खोटारडा म्हणत नाही.

आपल्या परंपरेनं घाटाला कधी कमी लेखलेलं नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच संधी सांगितले आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. आत्याची गोष्ट त्यावर ठेवून पाहा. प्रेत सापडतं तिथं बीज पडतं, चुकीच्या माणसावर संशय जाऊन सगळं अडतं तो विमर्श, दार तुटल्यावर गाठी सुटतात ते निर्वहण. चुकीच्या आरोपीचा संकेत तर फारच जुना आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त नवव्या अंकात न्यायालय भरतं. वसंतसेनेच्या खुनाचा आळ चारुदत्तावर आहे, आणि ऐन वेळी त्याच्या मित्राच्या, मैत्रेयाच्या, काखेतून तिचेच दागिने खाली पडतात. परिस्थितीजन्य पुरावा पूर्ण, आरोपी निर्दोष. चारुदत्त सुळावर जाणार नाही हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, तरी देवलांनी ते नाटक मराठीत आणल्यावर लोक पुन्हा पुन्हा पाहायला गेले. शेवट ठाऊक असणं हा रसभंग असता, तर कीर्तनाला दुसऱ्यांदा कुणी बसलंच नसतं.

'गुन्हेगार कोण' हे लपवणं म्हणजेच ही गोष्ट, हाही एक गैरसमज. १९१२ मध्ये ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकानं गुन्हा आणि गुन्हेगार आधी दाखवून मग तपास सांगणाऱ्या कथांचा संग्रह काढला. 'कोलंबो' ही अमेरिकी मालिका त्याच उलट्या घाटावर चालली, आणि २०२० मध्ये झी मराठीवर आलेल्या 'देवमाणूस'नंही डॉक्टर हाच खुनी हे प्रेक्षकापासून लपवलं नाही. फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या तोदोरोव्हनं १९६६ मध्ये म्हटलं होतं की रहस्यकथेत दोन गोष्टी असतात, एक घडून गेलेल्या गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची. आमच्या ओट्यावर लोक दुसरीसाठी बसत. लाइन गेली तरी ती दुसरी गोष्ट आत्याच्या तोंडी सुरूच राहायची, कारण तिचे नियम सगळ्यांच्या मालकीचे होते.

'सी.आय.डी.'चा उगम पाहिला तर साच्याबद्दलचा आदर वाढतो. मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका बी. पी. सिंग यांनी केली, तिच्यात शिवाजी साटम होते, आणि तिचा आधार पोलिसांची खरी प्रकरणं हा होता. तेच दोघे जानेवारी १९९८ मध्ये 'सी.आय.डी.' घेऊन आले आणि २०१८ पर्यंत दीड हजारांवर भाग झाले. खऱ्या प्रकरणांवर काम केलेल्या माणसांनी जाणूनबुजून संकेतांचा मार्ग धरला. २००४ मध्ये त्यांनी १११ मिनिटांचा एक भाग एकाही कटशिवाय, एका सलग चित्रणात केला. घाट पक्का असल्याशिवाय अशी कसरत साधत नाही. बंदिश पाठ असलेल्या गायकालाच तान घेता येते.

आता माझा खरा वाद. आक्षेपकांचं बोट चुकीच्या जागी आहे. दार एका लाथेत तुटतं तेव्हा मालिका उघड सांगते की हा संकेत आहे. संकेतांच्या त्याच फळीवर प्रेक्षक गुन्हेगाराची कबुलीही ठेवतो. पण तोच कबुलीजबाब 'सत्य घटनेवर आधारित' या पाटीखाली, गंभीर निवेदकाच्या तोंडून आला की फळी बदलते. घाट तोच राहतो, फक्त तो घाट आहे हे लपवलं जातं.

आणि या एका संकेताचं मोल फार आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ हेच सांगत होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये ते कायम आहे. ही तरतूद कुणा पंडिताच्या डोक्यातून निघालेली नाही. महसूल आणि कबुली काढण्यासाठी माणसांचा कसा छळ होतो, हे १८५५ च्या मद्रास इलाख्यातल्या चौकशी अहवालानं उघड केलं, आणि १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच अशी कबुली बाद ठरवली गेली. कबुलीतून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग ग्राह्य. बाकी जे काही सांगायचं ते दंडाधिकाऱ्यापुढे, स्वखुशीनं. इतक्या वेदनेतून आलेला नियम 'सत्य घटना' म्हणवणारी मालिका दर आठवड्याला पुसून टाकते. 'देवमाणूस' सुरू असताना, ज्या वाई-धोमच्या खून प्रकरणाशी लोक तिला जोडत होते, त्याचा खटला साताऱ्यात निकाली निघालेला नव्हता. प्रेक्षकांच्या मनात तो कधीच निघाला होता.

गावातल्या बस थांब्यावर एका जाणत्या माणसानं मला एका मर्गाबद्दल विचारलं होतं, "काहून, अजून त्यानं कबूल केलं नाही काय?" अहवाल आला का, साक्षीदार कोण, हे त्यांनी विचारलं नाही. हा प्रश्न दार तोडणाऱ्या मालिकेतून आलेला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. ते काका ती मालिका पोरांची म्हणून पाहतच नसत. ते 'खरं' पाहत.

आत्याही पुढे खरं पाहू लागली. एका भागात दारावर येणाऱ्या बाईनं घर हेरून टोळीला सांगितलं होतं. आमच्याकडे जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण वर्षानुवर्षं यायची, आत्याच्या हातचा चहा घेऊन जायची. त्या आठवड्यात ती आली, तर आत्यानं आतूनच "काही नाही" म्हटलं आणि कडी लावली. मी खिडकीतून पाहत होतो. बोहारीण टोपली खाली ठेवून बराच वेळ फाटकाशी उभी होती. बहुधा आत्या आजारी आहे असं तिला वाटलं असावं, कारण जाताना तिनं शेजारणीला तसं विचारलं.