तळटीप : ‘दीनमित्र’

२. दीनमित्र : येथे अभिप्रेत आहे ते मुकुंदराव पाटलांचे साप्ताहिक. पुण्यात १८७७ मध्ये निघालेल्या ‘दीनबंधू’शी त्याची गल्लत करू नये, नात्याचा धागा मात्र आहेच. ‘दीनबंधू’ काढणारे कृष्णराव भालेकर हे मुकुंदरावांचे जन्मदाते. मुकुंदराव दत्तक गेले ते तरवडीच्या (ता. नेवासा) गणपतराव पाटलांच्या घरी. गणपतरावांनी आधी ‘दीनमित्र’ याच नावाचे मासिक काढले होते. म्हणजे संपादकी दोन्ही घरांतून वारशाने आलेली! १९१० मध्ये भालेकर वारले, त्याच वर्षी हे साप्ताहिक सोमठाणे या खेड्यातून सुरू झाले. पुढे ते तरवडीला गेले. पत्राची भाषा शेतकऱ्याच्या तोंडची, टोमणा सणसणीत. मुकुंदरावांच्या ‘कुलकर्णीलीलामृता’तही तोच बाज: ओव्या पोथीच्या थाटाच्या, आणि ‘लीला’ गावाचे दप्तर सांभाळणाऱ्या कुलकर्ण्याच्या. सत्यशोधक चळवळीच्या अभ्यासात या पत्राला पुण्या-मुंबईच्या पत्रांइतकाच मान मिळायला हवा होता, तो उशिरा मिळाला. मुकुंदरावांनी ते अर्धशतकाहून अधिक काळ चालवले. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले.