पैकी, पोटहिस्सा आणि सपाट तक्ता

पेशवाईतला हिशेबाचा मोडी कागद वाचताना नवख्याला पहिली अडचण अक्षरांची येते, दुसरी मांडणीची. एकूण रक्कम आधी येते, तिची फोड नंतर. खाली तपशील, त्या तपशिलातल्या एखाद्या कलमाखाली पुन्हा ‘पैकी’ म्हणून आणखी फोड. कोणती रक्कम कोणत्या रकमेच्या पोटात आहे, हे बहुतेक वेळा शब्दांवरून नव्हे, तर ती कागदावर कुठे लिहिली आहे त्यावरून कळते. ही उलट्या झाडासारखी रचना आहे. आज आपण असे कागद संगणकावर एक्सेलच्या तक्त्यात उतरवतो. तक्त्यात मात्र सगळ्या ओळी एकाच पातळीवर असतात. झाड सपाट करताना इतिहासाचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गावाची जमा १,००० रुपये. पैकी शेतसारा ७००, इतर बाबी ३००. त्या ३०० पैकी मोहतर्फा २००, दंड १००. कागदावरच्या पाच रकमा तक्त्याच्या पाच ओळींत भरल्या आणि खाली बेरजेचे सूत्र लावले, तर उत्तर येते २,३००. हजाराच्या गावाची जमा एका क्षणात दुपटीहून जास्त झाली. यावर सोपा उपाय म्हणून अनेक जण बेरजेच्या ओळी काढून टाकतात आणि फक्त शेवटची कलमे ठेवतात. मला हा उपाय पटत नाही. जुन्या कागदात लिहिलेली बेरीज आणि प्रत्यक्ष बेरीज कधी कधी जुळत नाही. ती तफावत नकलेतली चूक असेल, सूट असेल किंवा लपवाछपवी असेल. काहीही असले तरी तो पुरावा आहे. म्हणून प्रत्येक ओळीला क्रमांक द्यावा, आणि शेजारच्या रकान्यात ‘ही ओळ कोणत्या क्रमांकापैकी’ ते लिहावे. मग बेरीज फक्त शेवटच्या कलमांची करता येते आणि मूळ बेरजाही शाबूत राहतात.

जमिनीच्या नोंदीत हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने सुटला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नव्या मोजणीची घडी बसवली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला. पुढे वाटण्या झाल्या तसे हिस्से आणि पोटहिस्से पडत गेले, आणि ४/२/१ असे आकडे दिसू लागले. हा आकडा म्हणजे त्या तुकड्याची वंशावळच आहे: चार नंबरातला दुसरा हिस्सा, त्यातला पहिला पोटहिस्सा. आकड्यातच पूर्वज असल्यामुळे वेगळे झाड काढावे लागत नाही. पण संगणकाला हे माहीत नसते. ४/२/१ लिहिले की तो त्याची ४ फेब्रुवारी २००१ ही तारीख करून टाकतो, आणि एकदा तारीख झाली की मूळ आकडा सहज परत मिळत नाही. हा घोळ आपल्याकडेच होतो असे नाही. मानवी जनुकांची काही नावे तारखा बनत असल्यामुळे नामकरण समितीने २०२० मध्ये ती नावेच बदलल्याचे जाहीर केले. आपल्याला सर्व्हे नंबर बदलता येणार नाहीत. तेव्हा भरायला सुरुवात करण्यापूर्वी रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवावा, आणि नंबर, हिस्सा, पोटहिस्सा यांचे तीन स्वतंत्र रकानेही करावेत.

संगणकशास्त्रही याच वाटेने गेले. अपोलो मोहिमेच्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी आयबीएमने १९६६ पासून सहकारी कंपन्यांबरोबर ‘आयएमएस’ ही प्रणाली बांधली. तिची रचना झाडाची होती. १९७० मध्ये त्याच कंपनीतल्या एडगर कॉड यांनी वेगळा विचार मांडला. त्यांच्या निबंधातले उदाहरण साधे आहे: कर्मचारी, त्याच्या पोटात नोकरीचा इतिहास, त्याच्या पोटात पगाराचा इतिहास. कॉड म्हणाले, प्रत्येक थराचा वेगळा तक्ता करा आणि वरच्या थराची ओळख खालच्या प्रत्येक ओळीत लिहा. जे जागेवरून कळत होते, ते रकान्यात लिहून ठेवायचे, एवढेच त्याचे सार.

याचा खरा कस लागतो तो वंशावळीत. युरोपात मायकेल आयत्झिंगर यांनी १५९० मध्ये पूर्वजांना क्रमांक देण्याची युक्ती वापरली: स्वतः १, वडील २, आई ३, पुढे कोणाच्याही वडिलांचा क्रमांक दुप्पट, आईचा दुपटीत एक मिळवून. १३ म्हणजे आईच्या वडिलांची आई. पण ही युक्ती वर चढतानाच चालते, कारण आईवडील दोनच असतात. आपली वंशावळ मूळपुरुषापासून खाली उतरते, आणि मुले किती हे ठरलेले नसते. तिथे ‘वडिलांचा क्रमांक’ असा रकाना घालण्याचा मोह होतो, आणि तिथेच घात होतो.

दुसऱ्या बाजीरावांनी १८२७ मध्ये नानासाहेबांना दत्तक घेतले. त्यांचे जनक पिता माधवराव नारायण भट. बाजीराव १८५१ मध्ये वारले, तेव्हा कंपनीने नानासाहेबांना पेन्शन नाकारली. वडिलांसाठी एकच चौकट असलेल्या तक्त्यात नानासाहेबांची ओळ कशी भरणार? माधवराव लिहिले तर दत्तक पुसला जातो, बाजीराव लिहिले तर जन्म. तक्ता भरणाराच न्यायाधीश होऊन बसतो.

आईचे आणि मुलींचेही तसेच. जुन्या वंशावळी बहुधा पुरुषांच्याच. दोन बायकांची मुले एका रेघेखाली येतात, लेकींचा उल्लेखच नसतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. आज वारस नोंदीसाठी तयार होणाऱ्या तक्त्यात लेकीला ओळच नसेल, तर तिला आधी आपण या घरातल्या आहोत हे सिद्ध करत बसावे लागते.

म्हणून मी दोन तक्ते करतो. पहिल्यात फक्त माणसे: क्रमांक, नाव, कागदाचा संदर्भ. दुसऱ्यात नाती: कोण, कोणाचे, आणि नाते कोणते – जनक, जननी, दत्तक – शिवाय कधीपासून. नानासाहेबांच्या वडिलांच्या दोन ओळी होतात, कोणालाच खोडावे लागत नाही. सावत्र भावंडे आपापल्या आईच्या क्रमांकाने वेगळी ओळखू येतात. ज्या लेकीचे नाव कागदात नाही पण जावयाचे आहे, तिलाही क्रमांक देता येतो आणि नावाची चौकट रिकामी ठेवता येते. झाडाच्या चित्रात ती दिसलीच नसती. तक्त्यातली रिकामी चौकट निदान एवढे सांगते की इथे एक बाई होती, आणि तिचे नाव शोधायचे राहिले आहे.