समांतर रेषा आणि आगगाडीचे वेळापत्रक

एका प्रतलातील ज्या दोन रेषा कितीही वाढवल्या तरी परस्परांना छेदत नाहीत, त्यांना समांतर रेषा म्हणतात. मात्र कागदाला मर्यादा असते. मग रेषा पुढे कोठेच छेदणार नाहीत, हे ठरवायचे कसे? याचे उत्तर रेषेच्या समीकरणातच असते.

य = मक्ष + क या समीकरणात ‘म’ हा रेषेचा चढ, म्हणजे क्ष एकने वाढल्यास य मध्ये होणारा बदल. ‘क’ हा य-अक्षावरील आंतरछेद. आलेख काढताना प्रथम य-अक्षावर ‘क’ या ठिकाणी बिंदू घ्यावा. तेथून एक एकक उजवीकडे व ‘म’ एकक वर (‘म’ ऋण असल्यास खाली) जाऊन दुसरा बिंदू घ्यावा आणि दोन्ही बिंदूंतून रेषा काढावी. दोन रेषांचे चढ समान व आंतरछेद भिन्न असतील, तर त्या समांतर असतात. आंतरछेदही समान असल्यास ती एकच रेषा असते. य-अक्षाला समांतर असलेल्या रेषांचा चढ सांगता येत नाही. त्यांना ही कसोटी लागू पडत नाही.

रेल्वेच्या वाहतूक नियोजनात हेच तत्त्व उपयोगी पडते. आडव्या अक्षावर वेळ व उभ्या अक्षावर अंतर घेतले, की प्रत्येक गाडीची एक रेषा होते आणि तिचा चढ म्हणजे गाडीचा वेग. पॅरिस-लिऑन मार्गाचा असा आलेख एटिएन-ज्यूल मारे यांनी १९ व्या शतकात आपल्या ग्रंथात दिला होता. या पद्धतीचे श्रेय इब्री या फ्रेंच अभियंत्याला दिले जाते.

समजा, एकाच रुळावरून एकाच दिशेने ताशी ६० किलोमीटर वेगाच्या दोन गाड्या अर्ध्या तासाच्या अंतराने सुटल्या. पहिली सुटल्यापासून क्ष तासांनी त्यांची समीकरणे य = ६०क्ष आणि य = ६०क्ष − ३० अशी होतात. चढ समान असल्याने रेषा समांतर राहतात. दोन्ही गाड्या धावत असताना त्यांच्यात कायम ३० किलोमीटर अंतर असते. पहिलीनंतर एका तासाने ताशी ९० किलोमीटर वेगाची तिसरी गाडी सोडल्यास तिचे समीकरण य = ९०क्ष − ९० होते. ही रेषा दुसरीला ९० व्या, तर पहिलीला १८० व्या किलोमीटरवर छेदते. त्यापूर्वीच एखाद्या स्थानकात मंद गाडी बाजूच्या रुळावर घ्यावी लागेल, अन्यथा वेगवान गाडी तिच्यामागे अडकेल किंवा तिच्यावर आदळेल. हा छेद गाडी सुटण्यापूर्वीच कागदावर दिसतो, हेच या आलेखाचे महत्त्व.